आत्यानं सांगितलेला विदेशी सिनेमा

अरे, परवा कन्नड गावाहून आत्या आली होती, तिला मी औरंगपुऱ्यात एक विदेशी सिनेमा बघायला नेलं. जंगलातल्या लोकांची जमीन हडपणारे गोरे साहेब आणि त्यांना विरोध करणारा एक पाद्री, अशी जुन्या काळातली गोष्ट. मध्येच सबटायटल गायब झाले. भाषा कुणालाच कळेना, सगळे कुरकुरायला लागले. आत्या मात्र मला हळूच सांगत होती, "आता मोजणी करतील बघ. मग मुखियाला गोड बोलून अंगठा घेतील."

आणि पडद्यावर हुबेहूब तसंच झालं! पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळले. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "मावशी, जरा मोठ्यानं सांगा."

मग काय, अख्खा हॉल कान देऊन आत्याचं ऐकायला लागला. शेवटी साहेबांच्या बंदुकांपुढं पाद्री हात पसरून उभा राहिला, आणि आत्या एकदम गप्प झाली.

"मावशी, पुढं काय होतं?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"मला नाय ठाऊक," आत्या म्हणाली. "आमची जमीन तलावात गेली, तवा असं कुणी आडवं उभंच राहिलं नव्हतं. थांबा, मला बघू द्या."