अकरा रात्रींचा घोळ

हॅलो?… हां ताई, बोल… नाही गं, जेवले नाही अजून. ऑफिसच्या जिन्यात बसलेय… अडीच वाजले? वाजू देत.

अगं, अभिनंदन नको… ऐक ना… ताई, आधी ऐक! ती पोकळी खोटी निघाली… पोकळी गं! आकाशात एवढ्या मोठ्या जागेत दीर्घिकाच नाहीत म्हणून आमचा उदोउदो चाललाय ना, तीच. उद्या सर पत्रकारांना सांगणार आहेत ती… बाबांनी सलूनमध्येही सांगितलं? अरे देवा.

चूक माझीच. तारखांची… हसू नकोस. दुर्बिणीवाले आधी दिवस लिहितात, मग महिना. माझ्या प्रोग्रॅमने उलटं वाचलं. चार जुलैचं झालं सात एप्रिल… सगळ्या नाही, बारा तारखेपर्यंतच्याच फसल्या. तेरावा महिना नसतो ना! त्या रात्री चंद्र किती होता ते प्रोग्रॅम तारखेवरूनच काढतो, म्हणून अशा अकरा लख्ख चांदण्याच्या रात्री मी अंधाऱ्या धरल्या… अगं, फरक कसा नाही पडत? चांदण्यात फिकट दीर्घिका दिसतच नाहीत. त्यांची भरपाई करायची असते, मी केलीच नाही. तिथे सगळं जागच्या जागी आहे, आम्हालाच दिसलं नाही.

हो, हो… तपासलं होतं की सगळ्यांनी! आमच्याकडे खरं उत्तर झाकूनच ठेवतात. चुका संपल्या म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या की मगच उघडायचं, म्हणजे कोणी मनासारखं उत्तर ओढून आणू नये… पहिली सही? माझी.

नाही, कोणाला कळणार नाही. त्या तारखांची यादी आता कोण कशाला उघडतंय… हो, नोकरी जूनमध्ये संपते, मला माहितेय… हो, याच शोधावर कायम करणार होते. ताई, सहा वर्षं माझी गेली, तुझी नाही! ओरडू नकोस माझ्यावर.

…चुकलं. दमलेय गं. परवापासून डोळ्याला डोळा नाही.

गप्प बसू म्हणतेस? ताई… पत्र गेलंय. तुझा फोन यायच्या आधीच पाठवलं. सरांना, सगळ्या टीमला… हॅलो? आहेस ना?… रडू नकोस. तूच रडायला लागलीस तर मी कुठे जाऊ?

थांब, दुसरा फोन येतोय… सरांचा. वाचलं वाटतं त्यांनी… नाही, नाही, तू ठेवू नकोस! मला भीती वाटतेय… काही बोलू नकोस. नुसती थांब जरा…

हं. घेते.