महूच्या चर्चला तीन प्रदक्षिणा

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर सांडाल! मध्य भारत हे वेगळं राज्य होतं तेव्हा स्नेहलतागंज मोहल्ल्यातली आम्ही मंडळी बस करून सहलीला निघालो. वाटेतल्या गावांतली देवळं करत महूच्या एका चर्चला पोचलो, तर दाराला कुलूप!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "देव आत आहे ना? मग बाहेरून तीन प्रदक्षिणा घालू." चपला काढून अख्खी बस त्यांच्या मागे. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पण काकू थांबतायत कुठल्या!

तिसरी सुरू होतानाच पाद्रीसाहेब आले, कुलूप उघडलं आणि हाका मारत आमच्या मागे धावले. अख्खी फेरी झाल्यावर धापा टाकत म्हणाले, "माताजी, ताला खोल दिया!"

काकू वळल्या. "पुजारीजी, हमारी तो हो गई. आपकी दो बाकी हैं!"