वाऱ्याला मागे टाकणाऱ्या जाऊबाई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, शिडाच्या होड्या चालवायला शिकवणाऱ्या या शाळेचे शिक्षक-विद्यार्थी, आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या थोरल्या जाऊबाई,

मी भाषणं करणारी नव्हे, आमच्या घरच्या कारखान्यात होड्यांची शिडं शिवणारी. पण या शाळेला विज्ञानाच्या बाई मिळाल्या कशा, ते घरच्या माणसानंच सांगावं, नाही का?

मी तेव्हा नवी नवरी. शाळेनं जाऊबाईंना शिकवायला बोलावलं. मामंजी म्हणाले, "आपल्याकडे शिडं थोरली सूनच शिवते." जाऊबाई म्हणाल्या, "होडी वाऱ्यापेक्षा जोरात पळवून दाखवली, तर जाऊ?" मामंजी इतके हसले की बशीतला चहा सांडला. वाऱ्यानं चालणारी होडी वाऱ्याच्या पुढे जाईलच कशी?

पैज लागली. धक्क्यापासून सारख्याच अंतरावर पाण्यात दोन पिंपं तरंगत ठेवली, एक वारा वाहतो त्या दिशेला, दुसरं त्याला आडवं. होडी धक्क्याजवळून सुसाट गेली की मी फुगा सोडायचा. फुगा वाऱ्याच्याच वेगानं पहिल्या पिंपाकडे, होडी दुसऱ्याकडे. आणि मामंजी स्वतः होडीत!

जरा पुढे गेल्यावर मामंजींची आरोळी धक्क्यापर्यंत ऐकू आली, "वारा फिरला! समोरून येतोय! पैज रद्द!"

पुढचं त्यांनीच नंतर रंगवून सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "मामंजी, फुगा बघा." फुगा आपला मूळच्याच दिशेनं निवांत चाललेला! "समोरचा वारा आपल्याच धावण्याचा, सायकलवर लागतो तसा. मूळचा वारा आणि हा मिळून शिडाला जोर देतात, तळाची फळी होडीला आडवं सरकू देत नाही, मग ती पुढेच निसटते. वारा पाठीशी घेतला असता, तर त्याचा वेग गाठता गाठताच शीड लुळं पडलं असतं."

होडी पोचली, फुगा अजून वाटेतच. मामंजी घुश्शातच उतरले. "जा बाई शाळेत. पण शिडं कोण शिवणार?"

मी म्हटलं, "मी."

तेव्हापासून जाऊबाई येईल-जाईल त्याला सांगतात, धाकटीनं माझ्यासाठी केवढा त्याग केला! अहो, कसला त्याग? त्या मशीनवर बसायला मी जीव टाकत होते, पण धाकटीला हात लावायची सोय नव्हती. फुगा सोडला तेव्हा तुम्ही जिंकावं म्हणून माझाच जीव वरखाली होत होता. तुम्ही जिंकलात आणि दोघींचंही भलं झालं. आभार मीच मानायचे, जाऊबाई, आणि ते आज चारचौघांत मानते.

मंडळी, एवढं ऐकून घेतलंत, फार बरं वाटलं. बोलताना एखादा टाका चुकला असेल तर सांभाळून घ्या. आणि जाऊबाई, उद्यापासून कारखान्यात खुशाल या. मशीन मात्र मिळणार नाही.