चौऱ्याहत्तरावं पान

बायको : ताकाला जाऊन भांडं लपवू नका. दुपारी कोण आलं होतं, सरळ सांगा.

नवरा : दलाल. ओढ्याकाठी एक झोपडी विकायची आहे. हा फ्लॅट विकला की ती घ्यायला जमेल. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय.

बायको : आणि हे सगळं त्या पुस्तकापायी.

नवरा : शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक अजून लोक वाचतात, ते काय वेडे आहेत? एक माणूस रानात राहतो, दोन भांड्यांत भागवतो. बस, एवढंच. कचेरीत साहेब बोलला की मी जेवणाच्या सुट्टीत दोन पानं वाचायचो. जीव थाऱ्यावर यायचा. नाहीतर कधीच राजीनामा दिला असता.

बायको : वाचणारे सगळे पंख्याखाली बसून वाचतात. दुरून डोंगर साजरे. मी तसल्याच झोपडीत सतरा वर्षं काढली. आमच्याकडेही दोनच भांडी होती. त्याला कुणी साधेपणा म्हटलं नाही, गरिबी म्हणायचे.

नवरा : हे कधी बोलली नाहीस.

बायको : तुम्ही कधी विचारलंत? लग्न होऊन आले, नळ सोडला आणि पाणी आलं. मला तो बंदच करवेना. सासूबाई रागावल्या, तुम्ही हसलात. मला रडू येत होतं.

(नवरा चष्मा काढून पुसत राहतो.)

नवरा : बरं. नाही म्हणून कळवतो.

बायको : थांबा जरा. मीही वाचलंय ते.

नवरा : तू? कधी?

बायको : मागच्या महिन्यात तुम्ही वन्संकडे आठवडाभर राहिलात ना, घर खायला उठलं होतं. म्हटलं, बघू तरी या सवतीत काय आहे. निम्मं पटलं नाही. पण एका पानावर तो ओढ्यात पाय सोडून बसतो. काही धूत नाही, काही भरत नाही. नुसता बसतो.

नवरा : चौऱ्याहत्तरावं पान.

बायको : चार वेळा वाचलं मी ते.

नवरा : मग काय सांगू दलालाला?

बायको : फ्लॅट विकायचा नाही. झोपडी वर्षभर भाड्याने देतात का विचारा. पाणी तुम्ही भरायचं, लाकडं तुम्ही फोडायची.

नवरा : आणि तू काय करणार?

बायको : ओढ्यावर जाऊन बसणार. आई दिवसातून चारदा पाण्याला जायची. बसलेली कधी पाहिली नाही मी तिला.