मले परत कामावर घेतलं

मी मूळची पाचोऱ्याकडची, मालती. लग्न होऊन जळगावात आली, नवरा हमाल व्हता, तो वारला, आन् मी चटईच्या कारखान्यात लागली. प्लास्टिकच्या चटया, ताई. दिवसभर उभं राहनं, घरी आलं तरी कानात मशीनच. पन काम आवडे मले, खोटं काबरं बोलू.

शेजारच्या मशीनवर संगीता व्हती, लहान बहिणीसारखी. एक दिवस तिची वेनी फिरत्या रोलरात गेली. मशीनले जाळी नव्हती, कितीदा बोंबललो व्हतो आम्ही. मी बटन दाबलं म्हनून जीव वाचला, पन डोक्याची कातडी, काय सांगू तुम्हाले, कानापासून सोलली गेली व्हती. मी तिले मांडीवर घेऊन बसली, लुगडं बठ्ठं लाल, आन् मॅनेजर म्हने पहिले मशीन पुसा, माल खराब व्हईल.

दुसऱ्या दिवशी मी शेठले तोंडावर म्हटलं, जाळी बसवा, नाहीतं मी सरकारी साहेबाकडे जाईन. शेठ हसला, म्हने जाय ना. पुढच्या सकाळी वॉचमननं गेटवरच अडवलं, अक्का, तुमचं नाव काढलं. ना नोटीस, ना चौकशी.

कोनी सांगितलं असं काढता येत नाही, कामगार हापिसात अर्ज दे. दिला. साहेबानं शेठले बोलावलं, तो येईच ना, आन् आला तवा म्हने ही बाई कोन? आमच्याकडं कधी नव्हतीच. समझोता झाला नाही, केस कामगार कोर्टात गेली. वर्षं गेली, ताई. जळगावात मले कोनी उभं करे ना, नाव ऐकलं की गेट बंद. धुळ्याले, देवपुरात बहिणीकडं राहून लोकांची धुनीभांडी केली, तारखेले तेवढी जळगावात येई.

आन् शेठकडून साक्षीले कोन आलं? संगीता. डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. वकिलानं विचारलं, हिले ओळखता? म्हने नाही, कधी पाहिलं नाही, माझं डोकं तं घरी भाजलं. शेठ तिचा दवाखाना करे, नवराबी तिचा शेठच्याच कारखान्यात कामाले. समजे मले बठ्ठं. पन समजून पोटातलं जळनं थांबतं का?

केस फिरली ती शेठच्याच तोंडानं. आमच्या वकिलानं असं डिवचलं त्याले, की तो भडकून म्हने, ही बाई मशीनवर दिवसभर तोंड चालवे! जजसाहेबानं मान वर केली, कोन्या मशीनवर? कधी नव्हतीच म्हननारा शेठ स्वतःच बोलून बसला व्हता. निकाल लागला, हिले परत कामावर घ्या. मी गल्लीत पेढे वाटले.

घेतलं ना त्यानं. गेटाजवळ उन्हात लोखंडी खुर्ची टाकली, म्हने बसा. पगार देतो, काम देत नाही. आत जायचं नाही, कोनाशी बोलायचं नाही, जो हिच्याशी बोलेल त्याले काढीन म्हने. बाया खाली मान घालून जाता, संगीताबी जाते. पानी मागितलं तं वॉचमन इकडंतिकडं पाहून देतो. वकील म्हने याचीबी तक्रार करता येते, अक्का, नवी केस टाकू. मी पदर खोचला आन् परत खुर्चीवर येऊन बसली.

उठून गेली तं म्हनतील स्वतःहून सोडून गेली. म्हनून बसते. तुम्ही एवढं ऐकलं, तुमचं भलं होवो ताई. आता जाऊ द्या मले, उशीर झाला तं तेवढ्यावरच काढतील.