लाल शाईतलं आठवं नाव

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या पोर-मेरियादेकच्या महापौर मादाम नोल्वेन तालेक, माझं भाषण लांबणार या भीतीने आत्ताच घड्याळाकडे पाहणारे छपाई कामगार संघटनेचे मस्य बोदेनेस, 'ल फनाल' या आपल्या दैनिकाचे आजी-माजी सहकारी, पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बसलेल्या उत्सवमूर्तींच्या मातोश्री मादाम फिलोमेन प्रिजाँ, आणि स्वतःचं कौतुक ऐकताना मासा शिळा निघाल्यासारखा चेहरा करून बसलेल्या उत्सवमूर्ती अनाईकबाई प्रिजाँ, आपणा सर्वांना माझं सविनय अभिवादन.

मी तांगी केरमारेक. या दैनिकाचा संपादक आणि संस्थापक कोराँतँ केरमारेक यांचा नातू. या दुसऱ्या ओळखीचाच आज थोडा पंचनामा व्हायचा आहे, तेव्हा ती लक्षात असू द्या.

अनाईकबाई त्रेचाळीस वर्षं आपल्या मुद्रितशोधक. आपण लिहिलेला प्रत्येक शब्द छापण्याआधी त्यांच्या लाल शाईखालून गेला. आमच्यापैकी कोण त्यांच्या हातून सुटलं? मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी पहिली बातमी लिहिली, तेव्हा ती परत आली ती गोवर आलेल्या पोरासारखी. वर शेरा होता: "आजोबांसारखं नाक आहे, हात अजून नाही." त्या मला लहानपणापासून 'अरे तांगी' म्हणतात. 'अहो संपादकसाहेब' म्हणाल्या की समजावं, आज आपली धडगत नाही.

मंडळी, आपल्या दैनिकाचं धोरण काय, असं पॅरिसचे लोक विचारतात. तुम्ही डावे की उजवे? चर्चचे की चर्चविरोधी? आजोबांनी १९४४ साली, जर्मन सैन्य गाव सोडून गेल्यावर चौथ्या दिवशी हे दैनिक काढलं, तेव्हाच त्यांनी उत्तर देऊन ठेवलंय. पॅरिसमधलं मंत्रिमंडळ पडलं तर ते तिसऱ्या पानावर, आपल्या बंदरातली नाव परत आली नाही तर ती पहिल्या पानावर. अग्रलेखाखाली सही नाही, कारण मत दैनिकाचं असतं, संपादकाच्या मिशांचं नव्हे. आणि शेवटचा नियम, जो दुसऱ्या कुठल्या दैनिकात मी तरी पाहिला नाही: चूक जिथे छापली, दुरुस्ती तिथेच छापायची. त्याच जागी, त्याच आकारात. पहिल्या पानावर चुकलात तर नाक पहिल्या पानावरच कापून घ्यायचं.

सत्त्याऐंशी सालचा मार्च काही जणांना आठवत असेल. मोठ्या ओहोटीचा दिवस, आणि आम्ही पहिल्या पानावर आदल्या आठवड्याचंच भरती-ओहोटीचं कोष्टक छापलं. निम्मं गाव शिंपले गोळा करायला बाहेर पडलं, आणि कमरेपर्यंत भिजून, रिकाम्या टोपल्या घेऊन थेट आपल्या कचेरीत आलं. तो फरशीवरचा चिखल, ते बूट, त्या शिव्या! आजोबा तेव्हा शहात्तर वर्षांचे. त्यांनी सगळ्यांना सफरचंदाची सायडर पाजली आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच आकारात छापलं: "काल आम्ही समुद्राला चुकीची वेळ दिली. समुद्राने ती पाळली नाही." गावाने माफ केलं. माझे आजोबा मला का आवडायचे, ते तुम्हाला यावरून कळेल.

आता मुद्द्याकडे येतो. मस्य बोदेनेस, येतोय.

आपल्या दैनिकाच्या नावाखाली रोज एक ओळ असते. तुम्ही ती इतक्या वेळा पाहिलीय की आता दिसतही नसेल. "पहिला अंक संस्थापकांनी वीज नसताना स्वतःच्या हातांनी यंत्र फिरवून छापला." पहिल्या वर्धापनदिनापासून, म्हणजे त्र्याहत्तर वर्षं, ती ओळ तिथे आहे.

अकरा वर्षांपूर्वी अनाईकबाई माझ्या खोलीत आल्या आणि माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवरचा फोटो त्यांनी खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवला. पहिल्या अंकाच्या दिवशीचा फोटो. आजोबा छापखान्याच्या दारात हसत उभे आहेत.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"आजोबा."

"हात बघ."

उजवा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यात बांधलेला! चाळीस पत्रकार त्या फोटोखाली बसून जेवले, भांडले, निवृत्त झाले. मी स्वतः त्या हाताकडे पाहत लहानाचा मोठा झालो. छपाईयंत्राचं, दोन माणसांना न हलणारं ते लोखंडी चक्र हा माणूस कसं फिरवेल, हे कोणाच्या मनात आलं नाही. बातमीतली चूक आम्ही भिंगाने शोधतो. भिंतीवरची दिसली नाही.

"मग फिरवलं कोणी?" मी विचारलं.

"ते शोधणं वार्ताहराचं काम. माझं काम लाल शाई."

आणि मी काय केलं? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी फोटो पुन्हा भिंतीवर लावला. म्हटलं, "जाऊ द्या ना बाई, एक ओळ तर आहे. आजोबांना जाऊन वर्षही झालं नाही."

"ठीक आहे, संपादकसाहेब," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर वर्धापनदिनाच्या मुद्रितावर त्या ओळीभोवती लाल वर्तुळ येई आणि मी ते खोडून टाकी. अकरा वर्तुळं, अकरा वेळा खोडलेली. एवढ्या वर्षांत त्या एका शब्दाने जास्त बोलल्या नाहीत. त्याचं कारण मला कळलं तीन आठवड्यांपूर्वी, आजच्या भाषणासाठी चार आठवणी गोळा करायला मी मादाम फिलोमेन यांच्याकडे गेलो तेव्हा. सहज विचारलं, पहिला अंक आठवतो का?

"आठवतो म्हणजे? खांदे आठवडाभर दुखत होते माझे!" त्या म्हणाल्या. "सार्डिन मासळीच्या कारखान्यातल्या सात जणी होतो आम्ही. वीज नाही म्हणून कारखाना बंद, हात रिकामे. तुझा आजोबा आला, म्हणाला, पोरींनो, चक्र फिरवाल का? तळघरात काळोख. तो डाव्या हातात कंदील धरून उभा, आणि आनंदाने नुसता थरथरत होता मेला. मी ओरडले, अरे कोराँतँ, कंदील तरी नीट धर!"

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"विचारलं कोणी? आणि ही पोर म्हणते, आई, स्वतःच्या घरची दुरुस्ती मी कशी मागू?"

मादाम, तुमचं वय चौऱ्याण्णव. त्या सात जणींतल्या तुम्ही एकट्या उरलात. माझ्या अकरा वर्षांच्या टाळाटाळीत तुमच्या दोन मैत्रिणी स्वतःचं नाव छापलेलं न पाहता गेल्या. ती दुरुस्ती आता कुठल्याच पानावर करता येणार नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

काल मी नवी ओळ लिहिली आणि मुद्दाम, काही न बोलता, अनाईकबाईंच्या शेवटच्या दिवसाच्या कामात सरकवली. "पहिला अंक वीज नसताना सार्डिन कारखान्यातल्या सात कामगार स्त्रियांनी चक्र फिरवून छापला," आणि पुढे सात नावं. पहिलं अर्थातच फिलोमेन प्रिजाँ.

तासाभराने मुद्रित परत आलं. तेच हे. दोन दुरुस्त्या आहेत. पहिली: आईचं नाव उचलून पाचवं केलंय. समासात शेरा आहे, "नावं वर्णानुक्रमे. इथे वशिला चालत नाही."

दुसरी दुरुस्ती ओळीच्या शेवटी, लाल शाईत. माझ्या शरमेच्या भरात मी ज्या माणसाला साफ पुसून टाकलं होतं, त्याला त्यांनी परत आणलंय. आठवं नाव. "कंदील: कोराँतँ केरमारेक."

उद्या सकाळी हा अंक दारात पडेल. त्याच जागी, त्याच आकारात. दुरुस्ती किती दिवस छापायची हे नियमात नाही. पण चूक त्र्याहत्तर वर्षं चालली, तेव्हा निदान तेवढी तरी ती चालेल. पहिली प्रत मी स्वतः मादाम फिलोमेन यांच्याकडे घेऊन येईन.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, इतकं लोणी घालून केक करणाऱ्या भगिनींचे आणि एवढा वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर उदार मनाने सांभाळून घ्या, असं म्हणायची पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही. अनाईकबाई, आज तुमची सुट्टी नाही. चुकलं असेल तिथे वर्तुळ करा. या वेळी मी खोडणार नाही.