पॅक मारायचं नाही

— नाही, मी बसणार नाही, तूच बस. खुर्ची तुझी झाली ना आता? उशी तेवढी माझी आहे, ती काढ बुडाखालून. राहू दे, नंतर दे. तर कौस्तुभ, इंजिनियर ना तू? मी अकरावी नापास. छापखान्यात खिळे जुळवायचो, छापखाना बंद पडला तेव्हा स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन फॉक्सप्रो शिकलो — पोरं हसायची, म्हणायची, काका, नातवाला सोडायला आलात का? त्याच पोरांची लग्नं माझ्या प्रोग्रामनं जुळवली, इथेच, संपदाताईंच्या या वधूवर मंडळात, या मनवेलपाड्यात! आणि तू आलास, सोमवारी नवं सॉफ्टवेअर बसवलंस, माझी स्थळं पोत्यातून बटाटे ओतावेत तशी त्यात ओतलीस, आणि तुमची ती फोनवाली आर्या लागली फोन करायला. कोणाला? हेमांगीला! अरे, हेमांगी लग्न होऊन जूचंद्रला नांदतेय, कडेवर पोरगं आहे, आणि फोन उचलला सासूनं. ‘मुलीसाठी ठाण्याचं स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे.’ सासू म्हणते, ‘कोन मुलगी? आमची सून?’ काल तिचा नवरा आला होता ना इथे, चप्पल हातात घेऊन? पायात घालून आला असता तर मीच दिली असती त्याच्या हातात!

चूक कोणाची? तुझी. मान हलवू नकोस, ऐक. फॉक्सप्रोत डिलीट म्हणजे पुसणं नव्हे — डिलीट म्हटलं की नावापुढे एक चांदणी लागते, बस्. स्थळ फायलीतच असतं, फक्त आमच्या यादीत दिसत नाही. पॅक म्हटलं, की मग गेलं, कायमचं. आणि मी पॅक मारत नाही. का? साखरपुडे मोडतात, बाबा! पत्रिका छापून झाल्यावर मोडतात. मग रिकॉल म्हणायचं — चांदणी गळाली, स्थळ पुन्हा ताजं! तू चांदण्या बघितल्यासच नाहीत. संसाराला लागलेल्या बायका उठवून पुन्हा बोहल्याकडे ढकलल्यास. फाइल फुगते, मशीन रडतं, ठाऊक आहे — ताई सारख्या म्हणायच्या, जयवंतराव, एकदा मारा की पॅक. मी म्हणायचो, डिस्क मोठी घ्या. म्हणून तर तुला आणला त्यांनी. हसतोस? हस.

एक नंबरचं स्थळ बघितलंस? यमुना. प्रोग्राम चालतो का बघायला एक खोटं स्थळ लागतं ना — मी बायकोचंच घातलं. शिक्षण: नवऱ्यापेक्षा जास्त. रंग: चिडल्यावर लाल. अपेक्षा: मुलगा मुका असावा. तिला आणून दाखवलं, म्हटलं आता भडकेल — तर चष्मा लावून सगळं वाचलंन् आणि म्हणाली, उंची दोन इंच वाढव. वाढवली. मग? मग काय... चांदणी लावली एक दिवस. मीच. स्मशानातून सरळ इथे आलो, ताई म्हणाल्या, घरी जा हो, म्हटलं एवढं एक काम करतो. पॅक? नाही मारलं. सांगितलं ना तुला, साखरपुडे मोडतात!

काल दुपारी घरी फोन. आर्याच — गोड आवाज आहे पोरीचा. ‘यमुनाताई आहेत का? त्यांच्यासाठी स्थळ आहे.’ जन्मभर मी आवाज बदलून लोकांना फोनवर बनवलं, संपदाताईंना विचार, आयकरवाला बोलतोय म्हणून रडवलंय त्यांना — आणि काल मला काय सुचावं? म्हटलं, ‘अंघोळीला गेलीय, थोड्या वेळानं करा.’ आणि तिनं केला रे परत! मी फोनजवळच बसलो होतो. वाजल्याबरोबर — सोड. ते सोड. भांडायला आलोय मी, कळलं ना? रिकॉलही मारून बघितलंय, तुला काय वाटलं? चांदणी गेली, नाव वर आलं, उंची दोन इंच जास्त... बाकी काही आलं नाही. परत लावली चांदणी.

काय करतोस? सॉरी नको म्हणूस, तो स्क्रीन दाखव. एक नंबर निवडलास? आणि हे काय विचारतंय — कायमचं काढायचं का, हो की नाही? तुझ्यात चांदणी नसते वाटतं. थेट जातं? ... हात काढ. कौस्तुभ, माउसवरचा हात काढ म्हणतो ना! हेमांगीला काढ, लग्न झालेल्या सगळ्यांना काढ, नांदू देत बिचाऱ्या. ही राहू दे. आणि त्या आर्याला सांग, आमच्याकडे पुन्हा फोन — नको. काही सांगू नकोस तिला. ऊठ. उशी दे इकडे.